घरोघरचीं यंत्रें : फटफटीच्या सांखळीचें त्रैराशिक

गेल्या अंकांत शिवणयंत्राच्या पट्ट्याविषयीं लिहिलें, तेव्हां पुष्कळ भगिनींचीं समाधानाचीं पत्रें आलीं. या महिन्याचा विषय पाहून मात्र त्यांपैकीं कांहींजणी पान उलटतील अशी मला धास्ती आहे. तरुण मुलांच्या फटफटीची सांखळी आणि दांते यांच्याशीं गृहिणीचा संबंध काय, असें त्यांना वाटेल. पण संबंध आहे. आज ज्या ज्या घरीं वीस-पंचवीस वर्षांचा मुलगा आहे, त्या त्या घराच्या अंगणांत बहुधा पुढें ओणवें होऊन चालवावयाची, शर्यतीच्या घाटणीची एक मोटारसायकल उभी असते. आणि रात्रीं तिचा आवाज वळणावर ऐकूं येईपर्यंत त्या घरांतील आईच्या घशाखालीं घांस उतरत नाहीं. जिच्या आवाजाकडे आपण असे कान लावून बसतों, तिच्या पोटांत काय चाललें आहे हें थोडेंबहुत ठाऊक असावें, एवढाच हेतु. शिवाय या विषयांत माझ्या हातून एक प्रमाद घडला आहे. ज्या सदरांत मी दरमहा इतरांना शहाणपण सांगतों, त्याच सदरांत तो लिहून टाकणें मला उचित वाटतें.

माझी धाकटी बहीण पोलादपुरास असते. तिचे यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, महाडच्या औद्योगिक वसाहतींत एका कारखान्यांत नोकरीस आहे. पोलादपूर ते महाड वीसएक किलोमीटर, आणि त्यांतून पाळीचें काम. दोन वर्षांपूर्वीं त्यानें दीडशें घनसेंटिमीटरची, सहा गिअरांची एक वापरलेली गाडी विकत घेतली. घेतल्यावर पहिली गोष्ट कोणती केली, तर मागच्या चाकापाशीं लुगड्याचा पदर अडकूं नये म्हणून लावलेली जाळी, जिला सारे 'सारी गार्ड' म्हणतात, ती काढून टाकली. कारण काय, तर ती शोभत नाहीं! मागें बसणाऱ्याचें वस्त्र चाकांत जाऊं नये म्हणून निदान अर्धें चाक झांकलेलें असावें, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३वा नियमच आहे. तो दाखविल्यावर जाळी परत चढली; पण माझ्या वचनापेक्षां आईच्या पदराची काळजी त्याला अधिक पटली असावी.

पुढें एके दिवशीं तो मला म्हणाला, "मामा, गाडी घाटांत मरते. तुम्ही जरा हिशेब करून सांगा ना."

पोलादपुराहून महाबळेश्वरास जाणारा आंबेनळी घाट ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ही तक्रार समजेल. चाळीसएक किलोमीटरांत रस्ता कोंकणच्या तळापासून सुमारें साडेचार हजार फुटांवर जातो. कापडे गांव मागें पडलें कीं चढ आणि वळणें यांची जी सरमिसळ सुरू होते, ती सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत सुटत नाहीं. भाचा एकटा असला तर गाडीची कुरकुर नसे. मागें आई बसली कीं तिसऱ्या गिअरांत इंजिन गुदमरे, आणि दुसरा टाकावा तर किंचाळूं लागे. क्षेत्र महाबळेश्वरास वर्षांतून दोन-तीन वेळां जाण्याचा तिचा नेम असल्यामुळें ही अडचण केवळ हौसेची नव्हती. मित्रमंडळींनीं त्याला उपाय सुचविला होता कीं, पुढची चकती एका दांत्यानें लहान कर.

येथें रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. इंजिनाच्या दांड्याची गति प्रथम दांत्यांच्या एका जोडीनें कमी होऊन क्लचांत येते. क्लच म्हणजे तेलांत बुडालेल्या चकत्यांची एक चळत. तरफ दाबली कीं त्या एकमेकींपासून सुटतात, सोडली कीं घट्ट बसतात. तेथून ती गति गिअरपेटींत जाते. पेटींत सहा जोड्या असतात आणि त्या साही नेहमीं एकमेकींत गुंतलेल्याच असतात. हें पुष्कळांना माहीत नसतें. पायानें गिअर बदलतांना आपण दांत्यांत दांते अडकवीत नसतों. कोणती जोडी दांड्याशीं जखडावयाची, तेवढेंच ठरवितों, आणि तें जखडण्याचें काम गिअरांच्या बाजूस असलेले ठोकळ्यासारखे खुंट करतात. म्हणून पाय अर्धवट मारला कीं खुंट नीट न बसतां निसटतो आणि त्याच्या कडा झिजतात; मग चढावर ऐन वेळीं गिअर आपोआप सुटूं लागतो. मुलांना मी सांगतों कीं, पाय हलका असावा, पण अर्धवट नसावा.

पेटीच्या बाहेर एक लहान दांतेरी चकती, मागच्या चाकाला एक मोठी, आणि दोहोंवरून फिरणारी सांखळी. मिस्त्री त्यांना स्प्रॉकेट म्हणतात. मी चकतीच म्हणेन. आज जगभर दुचाकींवर दिसणारी रुळांची सांखळी हान्स रेनोल्ड यांनीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें १८८० मध्यें सिद्ध केली. तिचें मूळ स्वरूप अद्याप बदललेलें नाहीं.

आतां हिशेब. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० मध्यें रचिलेल्या 'लीलावती'त त्रैराशिक आणि व्यस्त त्रैराशिक असे दोन्ही प्रकार आहेत. शाळेंत मीं ते मजूर आणि दिवस यांच्या उदाहरणांनीं शिकविले, आणि मुलांनीं जांभया दिल्या. हीच विद्या सांखळीच्या चकत्यांवर शिकविली असती, तर मागच्या बाकावरचीं मुलें पुढें येऊन बसलीं असतीं, असें आतां फार वाटतें.

भाच्याच्या गाडीला पुढें १४ आणि मागें ४८ दांते. अठ्ठेचाळीसास चौदानें भागलें कीं ३.४३ येतात, म्हणजे लहान चकती इतके फेरे फिरली कीं मागचें चाक एकदां फिरतें. लहान चकती १३ दांत्यांची केली तर हाच आंकडा ३.६९ होतो. फळ असें कीं, इंजिनाच्या ज्या फेऱ्यांवर गाडी पूर्वीं ताशीं ७० किलोमीटर जाई, त्याच फेऱ्यांवर आतां ६५ जाईल. आणि चाकाला मिळणारा जोर शेंकडा पावणेआठांनीं वाढेल. वेग उणा तेवढा जोर अधिक, हेंच व्यस्त प्रमाण. या व्यवहारांत कोणीही कोणाला फुकट कांहीं देत नाहीं.

याच्या उलट पंधरा दांत्यांची चकती बसविली तर ७०चे ७५ होतील, असें गणित सांगतें. भाच्याच्या एका मित्रानें तसें केलेंही. कशेडीच्या बोगद्यामुळें खेडाकडे जातांना घाट चढावा लागत नाहीं. तेव्हां सरळ रस्त्यावर धांवण्यास मोठी चकती बरी, असा त्याचा विचार. पण गाडीचा सर्वाधिक वेग पहिल्यापेक्षां कमीच भरला. कारण उघड आहे. ताशीं शंभराच्या पुढें मुख्य झगडा वाऱ्याशीं असतो. लहान इंजिनाला सहाव्या गिअरांत तितका भार ओढवतच नाहीं, तेव्हां तें आपल्या जोराच्या फेऱ्यांपर्यंत पोंचत नाहीं. कागदावर मिळालेले पांच किलोमीटर वाऱ्यानें नेले. त्यानें आतां मूळची चकती परत घातली आहे, असें ऐकतों.

दुसरी एक गोष्ट मुलांच्या लक्षांत येत नाहीं. चकती बदलल्यानें सहाही गिअर सारख्याच प्रमाणांत खालीं किंवा वर सरकतात. दुसरा आणि तिसरा यांमधील अंतर होतें तेवढेंच राहतें. तें बदलावयाचें तर पेटी उघडून आंतील जोड्याच बदलाव्या लागतील, आणि तें शर्यतवाल्यांचें काम आहे, घरगुती नव्हे. भाच्याच्या बाबतींत मात्र तिसरा गिअर थोडा खालीं आला असतां तो घाटास उपयोगी पडणार होता. म्हणून मीं अनुकूल मत दिलें.

पुढची लहान करण्याऐवजीं मागची मोठी केली तर? मागें ५२ दांते घातले तर ३.७१ येतात, म्हणजे जवळजवळ तोच परिणाम. मागची मोठी करणें महाग पडतें, आणि सांखळींत कड्या वाढवाव्या लागतात. पण सांखळीच्या आयुष्याच्या दृष्टीनें तोच मार्ग अधिक चांगला. चौदा दांत्यांच्या चकतीवर प्रत्येक कडीला पावणेसव्वीस अंशांनीं वांकावें लागतें, तेराच्या चकतीवर पावणेअठ्ठावीस. आणि हें वांकणें-सरळ होणें एका मिनिटांत हजारों वेळां चालतें. शिवाय पुढची चकती लहान झाली कीं सांखळी मागच्या दांड्याच्या रबरी पट्टीवर अधिक घांसते. तेराच्या खालीं मुळींच जाऊं नये, असें माझें मत आहे.

तेरा या आंकड्याचा एक गुण मात्र आहे, आणि तो लसाविच्या पाठांत शोभेल असा आहे. समजा, सांखळींत १३२ कड्या आहेत. चकतीचे दांते १२ असतील तर बारांनीं १३२स निःशेष भाग जातो. म्हणजे तोच दांता दर फेरीस त्याच त्या कड्यांना भेटेल, आणि एक कडी खराब असली तर तेच दांते सारखे खाल्ले जातील. दांते १४ असतील तर सांखळीच्या सात फेऱ्यांनंतर पहिली जोडी पुन्हां जमते. दांते १३ असतील तर तेरा फेऱ्या लागतात, आणि तोंवर प्रत्येक दांत्याची प्रत्येक कडीशीं गांठ पडून जाते. झीज सर्वांत सारखी वांटली जाते. मूळसंख्येला व्यवहारांत कोठें तरी मान मिळालेला पाहून मला, खरें सांगावयाचें तर, गाडीपेक्षां अधिक आनंद झाला.

कांहीं गाड्यांत वेग मोजण्याची सोय गिअरपेटीच्या बाजूस असते, कांहींत चाकापाशीं. पहिल्या प्रकारांत चकती बदलली कीं तबकडी खोटें बोलूं लागते. भाच्याची गाडी पहिल्या प्रकारांतील. त्यामुळें चकती बसविल्यापासून तबकडीच्या मतें महाड पोलादपुरापासून दीड किलोमीटर दूर सरकलें आहे. कायद्याविषयीं एक वाक्य लिहून ठेवतों : नोंदणीपुस्तकांतील तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानें निषिद्ध आहे. दांत्यांची संख्या त्या पुस्तकांत नसते, पण नव्या गाडीला कारखान्याची हमी असेल तर असला बदल करण्यापूर्वीं तिच्या अटी वाचाव्या.

हें सर्व गणित अचूक होतें. चूक झाली ती हातांनीं.

माघांतल्या एका रविवारीं आमच्या महाडच्या पडवींत आम्ही मामा-भाचे चकती बदलावयास बसलों. मागचें चाक टेकूवर उचललें, सांखळीची जोडकडी सोडली, चौदाची काढून तेराची बसविली, मागचें चाक थोडें मागें ओढून सांखळी ताणली. जुनीच सांखळी पुन्हां घातली, हें पहिलें पाप. जुन्या सांखळीच्या कड्या लांबावलेल्या असतात. त्या नव्या दांत्यांच्या मधोमध न बसतां कडेवर चढतात, आणि नवी चकती पहिल्याच महिन्यांत जुनी होते. सांखळी आणि दोन्ही चकत्या एकदमच बदलाव्या, असा नियम आहे. खर्च वांचविण्याच्या नादांत आम्हीं तो मोडला.

दुसरें पाप सर्वस्वीं माझें. जोडकडीवर बाहेरून एक छोटी पोलादी क्लिप बसते. तिचें एक तोंड बंद, दुसरें उघडें, माशाच्या शेपटीसारखें. तिच्याविषयींचें सूत्र मला पाठ होतें : बंद तोंड पुढें. क्लिप बसविण्याचें काम माझ्याकडे आलें, कारण भाच्याचे हात तेलानें माखले होते. कडी त्या वेळीं सांखळीच्या खालच्या फेऱ्यांत होती. मीं बंद तोंड गाडीच्या पुढच्या बाजूस करून चिमट्यानें क्लिप दाबली, आणि वर 'झालें' असें म्हटलें.

वाचकांपैकीं ज्यांनीं व्याकरणाचा अभ्यास केला आहे, त्यांना माझी चूक ताबडतोब उमजेल. पाणिनीचें सूत्र ज्या अधिकारांत येतें, तो विसरून नुसतें सूत्र लावलें तर अनर्थ होतो. येथेंही तेंच झालें. 'पुढें' म्हणजे गाडीच्या पुढें नव्हे, सांखळीच्या गतीच्या पुढें. वरच्या फेऱ्यांत सांखळी मागून पुढें धांवते, तेथें दोन्ही अर्थ एकच होतात, आणि सूत्र तेथलेंच आहे. खालच्या फेऱ्यांत सांखळी पुढून मागें जाते. तेथें बंद तोंड मागच्या चाकाकडे हवें. मीं सूत्राचा अर्थ न पाहतां पाठ म्हटला, आणि क्लिप उलटी बसली. उघडें तोंड आतां धांवण्याच्या दिशेस होतें. वाटेंत कशाला घांसलें कीं ती निसटणारच.

महाशिवरात्रीस भाचा आईला घेऊन क्षेत्र महाबळेश्वरास निघाला. घाटांत गाडी उत्तम चढत होती. तिसरा गिअर, हलकें इंजिन. "आतां कशी चालली आहे बघ," असें तो आईला सांगत होता म्हणे. कापड्याच्या पुढें एका चढणीच्या वळणावर टणकन् आवाज झाला, इंजिन एकाएकीं मोकळें सुटून ओरडूं लागलें, आणि गाडी क्षणभर थबकून मागें घसरूं लागली. त्यानें दोन्ही ब्रेक दाबून पाय टेकले. आई मागच्या मागें उतरली. सांखळी वीसएक पावलें खालीं रस्त्यावर मेलेल्या सापासारखी पडली होती. पुढच्या चकतीवरचें झांकण फुटलें होतें. तीच सांखळी आंत गोळा होऊन अडकती, तर इंजिनाचें कवच फोडती किंवा मागचें चाक जखडून टाकती. आणि हें चढतांना झालें, उतरतांना नाहीं. उतारावर सांखळी गेली कीं इंजिनाचा आवर नाहींसा होतो. मग सारा भार ब्रेकांवर. आंबेनळीच्या दऱ्या किती खोल आहेत, हें २८ जुलै २०१८च्या बस-अपघातानंतर आमच्या भागांत कोणाला सांगावें लागत नाहीं.

मी रिक्षा करून तेथें गेलों. भाचा आईला सांगत होता, "आई, सांखळी जुनी होती, माझीच चूक." मीं सांखळी उचलून पाहिली. जोडकडीची बाहेरची पट्टी गेली होती, क्लिप कोठेंच नव्हती. आवरणाचा पत्रा एका जागीं आंत वांकलेला होता, आणि त्यावर घांसल्याची ताजी चकाकी होती. मनांत शंका आली, पण बोललों नाहीं.

रात्रीं पोलादपुरास बहिणीच्या घरीं भाच्यानें मित्रांना पाठविण्यासाठीं त्या रविवारीं काढलेलें छायाचित्र मीं त्याच्या मोबाइलवर मोठें करून पाहिलें. खालच्या फेऱ्यांत क्लिप स्पष्ट दिसत होती. बंद तोंड गाडीच्या पुढच्या बाजूस. भाच्याच्या तें लक्षांत आलें नव्हतें, आणि मीं सांगितलें नसतें तर पुढेंही आलें नसतें. तो जुन्या सांखळीचा दोष स्वतःकडे घेऊन मोकळा झाला होता. पांच मिनिटें मी तसाच बसलों. मग स्वयंपाकघराच्या दाराशीं जाऊन बहिणीला म्हटलें, "सांखळी जुनी होती हें खरें, पण ती सुटली माझ्यामुळें. क्लिप मीं उलटी लावली होती."

ती भाकरी थापीत होती. तिनें मागें वळून पाहिलें नाहीं. थोड्या वेळानें म्हणाली, "दादा, लहानपणीं शुद्धलेखनांत माझी एक चूक झाली तर तूं मला तो शब्द दहा वेळां लिहायला लावायचास."

घरीं आल्यावर 'बंद तोंड सांखळीच्या गतीकडे' हें वाक्य मीं दैनंदिनीच्या मागच्या पानावर दहा वेळां लिहिलें. भाच्यालाही सर्व सांगितलें. तो नुसता "असूं दे मामा" म्हणाला. पण तेव्हांपासून मी कांहीं बसविलें कीं तो एकदां स्वतः पाहतो, आणि मला तें आवडतें.

आतां व्यवहाराचें. नवी सांखळी आणि दोन्ही चकत्या एकदम आणल्या. तेराची ठेवली, कारण हिशेब चुकीचा नव्हता. या वेळीं जोडकडी क्लिपची न घेतां रिव्हेट ठोकून कायमची बंद करवून घेतली. ठोकण्यास योग्य हत्यार लागतें, म्हणून तें मिस्त्रीकडूनच करवावें. आवरणाचा पत्राही सरळ केला.

सांखळीचा ताण पुष्कळजण घट्ट ठेवतात. घट्ट म्हणजे चांगली, अशी समजूत. तसें नाहीं. माणूस बसला कीं मागचें चाक वर दबतें आणि सांखळी आणखी ताणली जाते. आधींच घट्ट असेल तर तिचा आणि गिअरपेटीच्या बेअरिंगचा जीव जातो. खालच्या फेऱ्याच्या मध्यावर बोटानें वर-खालीं करून ती अडीच ते साडेतीन सेंटिमीटर हलावी. नेमका आंकडा गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत असतो. चाक थोडें थोडें फिरवून चार-पांच जागीं पाहावें, आणि सर्वांत घट्ट जागा धरून ताण लावावा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या असाव्यात, नाहीं तर चाक तिरकें बसून दांत्यांची एकच बाजू खाल्ली जाते. झीज मोजण्यास घरांतील फुटपट्टी पुरे. या गाडीच्या जातीची, म्हणजे ४२८ क्रमांकाची सांखळी असेल तर नव्या सांखळीच्या वीस कड्या २५४ मिलिमीटर भरतात. एक-दोन टक्के वाढल्या, म्हणजे २५७ ते २५९च्या घरांत गेल्या, कीं ती काढावी. दांते आंकड्यासारखे वांकले असतील तर मोजण्याचीही गरज नाहीं.

स्वच्छता घासलेटानें व मऊ ब्रशानें करावी. पेट्रोल आणि तारेचा ब्रश वर्ज्य, कारण चांगल्या सांखळीच्या कड्यांत वंगण कोंडून ठेवणाऱ्या रबराच्या बारीक कड्या असतात, त्या त्यानें नासतात. मग पुसून, सांखळीच्या आंतल्या बाजूनें वंगण सोडावें. दर पांचशें किलोमीटरांस एकदां, आणि आमच्या कोंकणच्या पावसांत भिजून आल्यावर त्याच रात्रीं. माझ्या तरुणपणीं आमच्या एका मुख्याध्यापकांजवळ येझदी होती. म्हैसूरच्या त्या गाडीची सांखळी पत्र्याच्या पेटींत पूर्ण बंद असे, आणि पाऊस तिला शिवत नसे. गाडी सुरू करण्याची आणि गिअर बदलण्याची तरफही एकच! आजच्या शर्यती घाटणीच्या गाड्यांनीं ती पेटी शोभेसाठीं टाकून दिली, आणि तिची काळजी आपल्या गळ्यांत घातली.

एक गोष्ट भगिनींनीं अवश्य लक्षांत ठेवावी. इंजिन चालूं ठेवून, गाडी गिअरांत घालून, फिरत्या सांखळीस फडकें लावणारा मुलगा दिसला तर हातांतलें काम टाकून त्याला थांबवावें. फडकें दांत्यांत ओढलें जातें आणि पाठोपाठ बोटें. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्यें, आणि चाक हातानें फिरवावयाचें. दुसरी रीत नाहीं.

तेलाविषयीं मुलें हमखास चुकतात. क्लच तेलांतच बुडालेला असल्यामुळें मोटारीचें तेल यांत चालत नाहीं. त्यांतील घर्षण कमी करणारीं द्रव्यें क्लचला निसटावयास लावतात. इंजिन ओरडतें आणि गाडी पुढें जात नाहीं, असें होऊं लागलें तर आधीं तेलाच्या डब्यावर जपानी मानकाची 'एमए' किंवा 'एमए-२' ही खूण आहे कीं नाहीं, तें पाहावें. क्लचची तरफ ओढतांना प्रारंभीं एक-दीड सेंटिमीटर मोकळी असावी. ताणून बांधलेली तार क्लच जाळते.

आणि पूर. जुलै २०२१ मध्यें सावित्री-गांधारीचें पाणी महाडांत शिरलें, तेव्हां आमच्या आळींतल्या कित्येक गाड्या पाण्याखालीं गेल्या. पाणी ओसरल्यावर ज्यांनीं उत्साहानें लगेच गाडी सुरू करून पाहिली, त्यांचें नुकसान दुप्पट झालें. पाणी शिरलेलें तेल ताकासारखें पांढुरकें होतें. तें पेटींतील दांते आणि बेअरिंग यांना वंगण देऊं शकत नाहीं. गाडी बुडाली असेल तर चावी न लावतां मिस्त्री बोलवावा, तेल काढावें, नवें घालून थोडें फिरवून तेंही काढावें, आणि पुन्हां नवें घालावें. सांखळींतला गाळ मात्र घरींच धुवावा.

उतरतांना कोणता गिअर, असें एका वाचकांनीं मागें विचारलें होतें. ज्या गिअरांत घाट चढलां, त्याच गिअरांत उतरा. लहान चकतीचा येथें थोडा फायदाही आहे, कारण इंजिनाचा आवर तितकाच वाढतो. गिअर मात्र एकेक करून, वेग आधीं कमी करून खालीं आणावा. एकदम दोन गिअर खालीं टाकले कीं मागचें चाक उसळतें. नव्या कांहीं गाड्यांत असा धक्का आपोआप सैल सोडणारा क्लच असतो. भाच्याच्या गाडींत तो नाहीं.

गाडी आतां घाटांत मरत नाहीं. बहीण मात्र तिच्यावर पुन्हां बसलेली नाहीं. पुढच्या श्रावणी सोमवारीं, दरड कोसळून घाट बंद झाला नाहीं तर, आम्ही तिघेंही एस. टी.नें जाणार आहों. भाच्याचें तिकीट मी काढणार आहें.